पट्टी : काळी एक

फ्यूजनच्या कार्यक्रमाचा फोटो लांबून ओळखू येतो. काळे टी-शर्ट घातलेली चार-पाच पोरं उभी असतात, त्यांतल्या एकाचे केस तोंडावर आलेले असतात, आणि या सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर रेशमी झब्ब्यातले एक गृहस्थ मांडी घालून बसलेले असतात. डोळे मिटलेले, भुवया वर, चेहऱ्यावर समाधी. ते आमचे अण्णा.

अण्णांना प्रत्येक वर्तुळात वेगळं नाव आहे. सोसायटीत ते ‘व्हायोलिनवाले काका’. शास्त्रीय संगीतवाल्यांत ते समोर असले तर ‘अण्णा’ आणि नसले तर ‘तो फ्यूजनवाला’. बँडमधली पोरं त्यांना ‘पंडितजी’ म्हणतात. ही पदवी कुठल्या सरकारने किंवा संस्थेने दिलेली नाही. पहिल्याच तालमीत एका ड्रमरला त्यांचं नाव आठवेना, म्हणून त्याने दिली. अण्णांनी ती विनयाने स्वीकारली आणि पुढच्या पोस्टरवर छापून घेतली. वहिनी ‘अहो’च म्हणतात. पण लूपर पेडल आलं त्या दिवशी त्यांनी किंमत ऐकून जे ‘अहो’ म्हटलं, त्याचा स्वर कुठल्याही सप्तकात बसला नसता.

या सगळ्यात माझं काम इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी सांभाळण्याचं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि माझ्याकडे गाडी आहे. संगीतात शिरायला लोकांना याहून कमी पात्रता पुरलेली मी पाहिली आहे.

फ्यूजनमधला सगळ्यांत अवघड प्रश्न राग आणि कॉर्ड यांचा आहे असं समीक्षक लिहितात. त्यांनी कधी स्टेज लावलेलं नसतं. खरा प्रश्न बसण्याचा आहे. आपल्या पद्धतीत व्हायोलिनची एक बाजू छातीशी टेकते आणि दुसरं टोक, ते गोल वळलेलं लाकडी शंखाचं, उजव्या पायाच्या घोट्यावर विसावतं. वाद्य पेलायचं काम पायाने घेतलं की डावा हात मोकळा सुटतो आणि तारेवर हवा तसा घसरत मींड घेतो. उभं राहिलं की पाय गेला, पाय गेला की मींड गेली आणि मींड गेली की अण्णा गेले. त्यामुळे त्यांच्या अटींच्या कागदावर मानधनाच्याही वर पहिलं कलम असतं ते बैठकीचं : दीड फूट उंचीचा प्लॅटफॉर्म, गादी, पांढरी चादर, आणि ‘चादर इस्त्रीची असावी’.

एका कॉलेजच्या फेस्टमध्ये पोरांनी वर्गातली दोन बाकं जोडून वर चादर अंथरली होती. दिसायला बैठक झकास होती. पण गिटारशी सवाल-जवाब रंगात आला, अण्णा लयीत डोलायला लागले आणि चादरीखाली बाकं एकमेकांपासून दूर सरकायला लागली. शेवटची तिहाई त्यांनी दोन बाकांच्या मधल्या दरीवर अधांतरी बसून पुरी केली. हॉल उभा राहिला. अण्णांच्या चेहऱ्यावरची वेदना रागातून आली आहे असाच सगळ्यांचा समज झाला, आणि एका मुलीने तर ती फोनवर टिपून ‘गूजबम्प्स’ असं लिहून टाकूनही दिली.

“मांडी घालायला लाजायचं कशाला?” परतताना गाडीत मागच्या सीटवर आडवे पडून ते म्हणाले. “मेन्युइन बसले. मॅक्लॉफलिन बसला.”

ही त्यांच्या व्याख्यानाची पहिली ओळ. व्याख्यान बँडमधल्या सगळ्यांना पाठ आहे, मलाही. यहुदी मेन्युइन 1952 साली पहिल्यांदा भारतात आले, रविशंकरांना ऐकून खुळावले, 1966 साली इंग्लंडमध्ये बाथच्या महोत्सवात त्यांच्याबरोबर वाजवायला बसले, आणि पुढच्या वर्षी दोघांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही रेकॉर्ड निघाली, तिला ग्रॅमी मिळालं. मग सत्तरचं दशक. जॉन मॅक्लॉफलिनने विजेची गिटार आणि कानठळ्या बाजूला ठेवल्या आणि एल. शंकर, झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम यांच्यासोबत ‘शक्ती’ उभी केली. इथे अण्णा थांबतात. “उभी केली म्हणजे, बसून,” असं म्हणून हसण्यासाठी जागा सोडतात. आम्ही हसतो.

पण त्यातला पुढचा भाग मला अजूनही ऐकावासा वाटतो. मॅक्लॉफलिनने नुसती मांडी घातली नाही, त्याने गिटारच वेगळी करून घेतली. पडद्यांच्या मधलं लाकूड खोल कोरून घेतलं, म्हणजे तार दाबून स्वर ओढता येईल, आणि आडव्या तिरप्या तरफा बसवून घेतल्या. दुसऱ्याच्या घरी राहायला जायचं तर आधी आपल्या हाडांत बदल करावा लागतो, हे त्याला कळलं होतं. एल. शंकरनेही पुढे दहा तारांचं दुहेरी व्हायोलिन करून घेतलं. शक्तीला ग्रॅमी मिळालं ते थेट 2024 साली, आणि तेव्हा व्हायोलिनवर गणेश राजगोपालन होते. ती बातमी आली त्या सकाळी अण्णांनी सोसायटीत पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, “तुम्हांला मिळालं?” अण्णा म्हणाले, “व्हायोलिनला मिळालं.” पेढ्यांचा आकार मात्र स्वतःला मिळाल्यासारखा होता.

या उदाहरणांवरून अण्णा एवढाच निष्कर्ष काढतात की समोरच्याने खाली बसावं. त्यांच्या बँडमधल्या पोरांच्या जीन्स गुडघ्याला फाटलेल्या असूनही त्यांना मांडी घालता येत नाही, याचं त्यांना राहून राहून नवल वाटतं.

फ्यूजनला नाक मुरडणारा कुणी भेटला की व्याख्यानाचा दुसरा खंड सुरू होतो. “अहो, व्हायोलिन मुळातच फ्यूजन आहे. गोऱ्यांच्या बँडचं वाद्य. मद्रासला मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे भाऊ बालुस्वामी गोऱ्याकडून ते शिकले आणि कर्नाटक संगीतात घेऊन आले. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी वडिवेलूंना हस्तिदंती व्हायोलिन दिलं 1834 साली. तेव्हा तुमचं हार्मोनियम कुठं होतं?” समोरच्याचं हार्मोनियमशी काही नातं नसतं, पण तो गप्प बसतो. व्याख्यान खरं आहे, ही त्यातली खरी अडचण. बोलणारा माणूस बढाईखोर असला की त्याच्या खऱ्या गोष्टींनाही लोक निम्म्याच किमतीला घेतात.

अण्णा फ्यूजनमध्ये का गेले, याचं कारण व्याख्यानात नाही. ते शास्त्रीय मैफलीच्या उतरंडीत आहे. आपल्याकडे गायक पहिला. मग सतार, सरोद. बासरी आणि संतूर आपापल्या थोरांच्या खांद्यावर बसून वर आली. व्हायोलिनमध्ये थोर माणसं झाली नाहीत असं कोण म्हणेल? आपल्या वाईत जन्मलेले व्ही. जी. जोग बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईला भिडले, गजाननबुवा जोशी गायचेही आणि वाजवायचेही, दातार होते, एन. राजम यांच्या गजातून ओंकारनाथांची गायकी ऐकू येते, आणि प्रभाकर जोगांचं व्हायोलिन तर गाण्याचे शब्दसुद्धा उच्चारायचं. तरीही आयोजकाच्या मनात व्हायोलिन म्हटलं की दुपारी चारची वेळ येते, लोक खुर्च्या शोधत आत येत असतात ती. अण्णांनी तरुणपणी वर्षानुवर्षं गायकांच्या मागे साथ केली. गायकाची तान कुठे वळणार हे त्याच्या मानेच्या शिरेवरून ओळखायचं, अर्ध्या श्वासाने मागे राहायचं, तो थांबला की त्याचीच ओळ हळूच पुरी करायची आणि तो पुन्हा सुरू झाला की विरून जायचं. हे काम उत्तम झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बिघडलं तर सगळ्यांच्या. मैफल संपल्यावर गायकाला हार, तबलजीला गुच्छ, आणि साथीच्या व्हायोलिनला “अरे, तुम्हीपण या ना फोटोत.”

मग एके दिवशी त्या ड्रमरने त्यांना पंडितजी म्हटलं. शास्त्रीयवाल्यांत अण्णा आधुनिक, आणि बँडमध्ये अण्णा म्हणजे थेट सामवेद. इकडचे त्यांना तिकडच्या गोष्टीसाठी मानतात, तिकडचे इकडच्या. दोन्हीकडे ते पाहुणे असतात, आणि पाहुण्याचा आदर घरच्या माणसाला कधी मिळाला आहे?

तालमी एका जिमच्या तळघरात होतात. वर कुणीतरी वजनं आपटतो आणि खाली बेसवाला दचकून ताल सोडतो. अण्णा येतात, चपला भिंतीशी नीट लावतात, कानाची पाळी धरून गुरुजींचं नाव घेतात आणि पेटी उघडतात. पेटीत व्हायोलिनखेरीज राळेची वडी, खोबरेल तेलाची टीचभर बाटली, गणपतीचा फोटो आणि ॲसिडिटीच्या गोळ्या. गजाच्या केसांवर राळ, डाव्या हाताच्या बोटांना तेल : एका हाताला पकड हवी आणि दुसऱ्याला निसटणं. पोरं हे सगळं श्रद्धेने बघत बसतात. त्यांच्या गिटारी तोवर चारदा लावून झालेल्या असतात.

मग पट्टीवरून तंटा. बँडची गाणी सगळी पांढरी तीनमध्ये, कारण गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी सोडली की तोच स्वर निघतो, आणि रॉकचा निम्मा संसार त्या मोकळ्या तारेवर चालतो. अण्णांचा सा काळी एक. काळी एकमध्ये गिटारवाल्याची बोटं अवघडतात, पांढरी तीनमध्ये अण्णांच्या तारा तुटायला येतात.

“पंडितजी, थोडं वर येता का?”

“मी वर येऊ? तू खाली ये.”

“खाली आलो तर तार लोंबते.”

“वर आलो तर माझी तुटते. लोंबलेली बरी की तुटलेली?”

हे प्रकरण पंधरवडाभर चाललं. फोन झाले, रुसवे झाले, मॅनेजर नावाचा एक मुलगा मध्यस्थी करून गेला. शेवटी पांढरी दोनवर समेट झाला. गिटारवाला पूर्ण स्वर उतरला आणि अण्णा अर्धा चढले. त्यानंतर सहा महिने अण्णा भेटेल त्याला सांगत होते, “कलेसाठी अर्धा सूर चढलो हो मी.” गिटारवाला पूर्ण उतरला त्याचा उल्लेख कुठे नाही.

पट्टी ठरली की राग. फ्यूजनमध्ये किरवाणीचं स्थान लग्नाच्या पंगतीतल्या जिलबीचं आहे. ती नसली तर वाढपी चुकला असं लोकांना वाटतं. याला कारण आहे. किरवाणीचे स्वर म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘हार्मोनिक मायनर’ जसाच्या तसा, त्यामुळे गिटारवाल्याच्या बोटांना तो आधीच ठाऊक असतो. चारुकेशी, हंसध्वनी, फार तर यमन. दरबारीतला झुलता गंधार पियानोच्या पट्टीवर बसत नाही, त्याला झुलायला जागाच नाही. साधा शुद्ध गंधारसुद्धा कीबोर्डवर तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा चढा लागतो. सामान्य माणसाला हे कळत नाही. अण्णांना कळतं, आणि कळल्याचं ते चेहऱ्यावरून कळवतात. कीबोर्डवाला मुलगा बिचारा दर वेळी आपल्या बोटांकडे बघतो.

एकदा त्यांनी मारवा आणला. मारव्यात पंचम औषधालासुद्धा चालत नाही. आणि रॉकवाल्यांचा सगळा उदरनिर्वाह षड्ज आणि पंचम एकत्र आदळण्यावर आहे, त्यालाच ते ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. अण्णांनी संध्याकाळच्या हुरहुरीने कोमल ऋषभ लावला, डोळे मिटले, षड्जाला हुलकावणी देत धैवतावर गेले, आणि गिटारवाल्याने उत्साहाच्या भरात सा आणि प यांचा ट्रक त्यांच्या अंगावर घातला. अण्णांनी गज खाली ठेवला.

“काय झालं, पंडितजी?”

“काही नाही,” अण्णा म्हणाले. “किरवाणी घ्या.”

मोजणीचा घोळ वेगळाच. पोरं ‘बार’ मोजतात, अण्णा मात्रा मोजतात, आणि दोघंही बारा म्हणाले की आपलं पटलं असं समजतात. ब्लूजचे बारा बार म्हणजे चार चारच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस ठोके. अण्णांनी बारा म्हटल्यावर मनात एकताल धरला, झकास तिहाई बांधली आणि पहिल्या आवर्तनाच्या अखेरीला विजयी मुद्रेने समेवर येऊन मान हलवली. तेव्हा बँड चौथ्या बारात होता. ड्रमरला वाटलं, थांबायचं. बेसवाल्याला वाटलं, आता त्याचा सोलो. वर जिममध्ये कुणीतरी वजन टाकलं ते तेवढं समेवर पडलं. आता पोरं कानात क्लिक ट्रॅक लावून वाजवतात, म्हणजे यंत्राचं टकटक कानात चालू असतं. अण्णांनी दोन दिवस तो लावून पाहिला आणि काढून ठेवला. म्हणाले, “हा ठेका धरतो, पण दाद देत नाही.”

साउंडवाल्यांशी त्यांचं वेगळं नातं आहे. “इको जरा वाढव,” हे त्यांचं कुठल्याही हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं वाक्य. मुरलेला साउंडवाला अशा वेळी कुठेही न जोडलेलं एक बटण फिरवतो. अण्णा एक मींड घेतात, कान देतात आणि म्हणतात, “हां, आता कसं!”

एकदा आम्ही मडगावला रेकॉर्डिंगसाठी गेलो. तिथे जोडीला आणखी एक व्हायोलिनवाले होते. वय ऐंशीच्या घरात, सगळे त्यांना ‘अंकल’ म्हणत. चर्चच्या शाळेत लहानपणी स्वरलेखन वाचायला शिकलेले, आणि उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदात काढलेले. तिथे अण्णांचं व्याख्यान चाललं नाही, कारण व्याख्यानातली माणसं अंकलच्या ओळखीची निघाली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी 1958 साली मुंबईत रागांवर बांधलेल्या रचना भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या होत्या, आणि लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते, हे अंकलनी सांगितलं तेव्हा अण्णांनी ‘बाथ’ हा शब्द तोंडातून बाहेर काढण्याआधीच गिळला. 1966 पेक्षा 1958 लवकर येतं, हे त्यांनी मनात वजाबाकी करून पाहिलं असावं. ‘अमर अकबर अँथनी’मधलं ते अँथनी गोन्साल्विस गाणं म्हणजे शिष्य प्यारेलालने गुरूला केलेला नमस्कार, हेही तेव्हाच कळलं. तोवर मी ते अमिताभचंच नाव धरून चाललो होतो.

“यमन घेऊ या का थोडा?” अण्णांनी विचारलं.

“घेऊ या,” अंकल म्हणाले. “कागद कुठाय?”

कागद नव्हता. मग अंकलनी आपला एक कागद पुढे केला. अण्णांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून, आणि एकदा उलटा धरून पाहिला. मग दोघांनी हौसेने व्हायोलिनं बदलली. अंकलनी अण्णांचं हनुवटीखाली धरून एक गज मारला आणि दचकले.

“तुमच्या व्हायोलिनच्या तारा उतरल्यात.”

“उतरल्या नाहीत, काळी एक आहे ती!”

मग अण्णांनी आपलं परत घेतलं, घोट्यावर टेकवलं आणि त्यांना दाखवायचंच म्हणून निषादावरून षड्जापर्यंत अशी एक मींड घेतली की रेकॉर्डिस्ट काचेच्या पलीकडे उभा राहिला. अंकल शेवटपर्यंत मान कलती करून ऐकत होते. म्हणाले, “फार सुंदर. पण तुम्ही दोन सुरांच्या मधे खूप वेळ राहता. आम्हांला स्टुडिओत एवढ्यासाठी परत घ्यायला लावायचे.”

अण्णा परतीच्या वाटेत सावंतवाडीपर्यंत बोलले नाहीत.

अण्णांच्या परिचयपत्रात आता इतक्या शैली झाल्या आहेत की निवेदिका दम घेऊन वाचते. जाझ, रॉक, फ्लॅमेन्को, सुफी, रॅप. रॅपवाला पिंपरीचा मुलगा होता. त्याने त्यांना “पंडितजी, तुम्ही फक्त एक सूर धरून ठेवा” असं सांगितलं, तिथे ते सहकार्य संपलं, पण यादीत राहिलं. आणि मला आता कबूल करायला हरकत नाही की या सगळ्या शैलींशी अण्णांनी वाजवलं ते एकच : किरवाणीचा आलाप, वाढती लय, सवाल-जवाब, तिहाई, घाम पुसणं. समोर सॅक्सोफोन असो की पाय आपटणारी नर्तकी, ते डोळे मिटून घेत. मिटलेल्या डोळ्यांना समोर कोण आहे याने काय फरक पडणार?

डोळे उघडे ठेवून वाजवताना मी त्यांना एकदाच पाहिलं.

बँडने पुरंदरकडचे गोंधळी आणले होते. संबळवाला, तुणतुणंवाला आणि मुख्य गाणारा. ते अण्णांना पंडितजी म्हणेनात. “मास्तर” म्हणाले, तेही दुपारी चहाच्या वेळी, “मास्तर, सरका जरा,” एवढ्यापुरतं. तालमीत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पांढरी दोन, आठ बार गोंधळी, आठ बार गिटार, मग अण्णांचा किरवाणीतला सोलो. गोंधळ्याने सगळ्याला “बरं” म्हटलं.

कार्यक्रमात तो उभा राहिला, हातातली दिवटी कपाळाला लावली आणि सुरू झाला. पहिली पाच मिनिटं पांढरी दोन होती. मग संबळ तापला, लोक टाळ्या धरायला लागले, आणि गोंधळी चढला. म्हणजे अक्षरशः, स्वरात चढला. एकदम नव्हे, कणाकणाने. आठ बार कधीच मागे पडले होते. कीबोर्डवाल्याने घाईने बटण दाबून अर्धा स्वर वर उडी मारली, तर गोंधळी अजून तिथे पोचला नव्हता. गिटारवाला पट्टी चढवायचा चिमटा, म्हणजे कॅपो, शोधायला खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. बेसवाला दोन्ही हात मांडीवर ठेवून प्रेक्षक झाला. तुणतुणंवाला गालात हसत खुंटी पिळत होता, त्याला सवय होती.

माझ्या पुढ्यातला तानपुरा मला बेसूर वाटायला लागला. मी चपापून अण्णांकडे पाहिलं. त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि गोंधळ्याच्या गळ्यावर खिळले होते. त्यांनी मला हनुवटीने खूण केली : बंद कर. मी बटण दाबलं. त्यांचा डावा हात पाहिला. मोकळ्या चार तारांना ते शिवतच नव्हते, कारण त्या खालच्या पट्टीत राहिल्या होत्या. प्रत्येक स्वर ते बोटाखाली दाबून घेत होते आणि प्रत्येक वेळी बोट केसभर वर टेकत होतं. व्हायोलिनला पडदे नसतात. गोंधळी जिथे जाईल तिथे अर्ध्या श्वासाने मागे ते हजर होते. तो खोकला तेव्हा त्यांनी त्याची ओळ पुरी केली. तो परत आला तेव्हा विरून गेले. संपताना सूर पांढरी दोनच्या वर, जवळजवळ काळी दोनवर होता, म्हणजे अण्णा एका रात्रीत आणखी जवळजवळ अर्धा स्वर चढले होते. पंधरवड्याच्या वाटाघाटी नाहीत, मॅनेजर नाही.

आणि याला टाळी पडली नाही. कुणाला कळलंच नाही. टाळ्या पडल्या त्या गोंधळ्याला आणि संबळाला, रास्त पडल्या. फोटोच्या वेळी कुणीतरी म्हणालं, “पंडितजी, तुम्हीपण या ना.”

विंगेत अण्णा भयंकर चिडले होते. “माझा सोलोच आला नाही! किरवाणी राहिली ना! हा काय प्रकार आहे? आठ बार म्हणजे आठ बार. लोककलावंत झाला म्हणून काय झालं, शिस्त नको?” मी म्हटलं, “अण्णा, पण तुम्ही काय वाजवलंत!” ते म्हणाले, “मी कुठे वाजवलं? साथच तर केली.”

एवढ्यात गोंधळी पदराने, म्हणजे उपरण्याच्या टोकाने, तोंड पुसत आला.

“मास्तर, सारंगी झ्याक धरली तुम्ही.”

“व्हायोलिन आहे ते.”

“आसंल. पुढल्या महिन्यात बहिणीच्या पोरीचं लगीन हाय सासवडला. गोंधळ घालायचाय रातभर. येता का संगतीला?”

‘संगतीला’ म्हटल्यावर अण्णांचा चेहरा त्या चारच्या वेळेसारखा झाला. मी आता भडका उडणार म्हणून बाजूला झालो. अण्णांनी थोडा वेळ पेटीची कडी लावल्यासारखं केलं. मग कोरडेपणाने विचारलं, “साउंड कुणाचा?”

“साउंड कशाला? अंगणात हाय.”

“बैठक?”

“घोंगडी देऊ की.”

“पट्टी कुठली ठेवणार?”

गोंधळ्याने तुणतुणंवाल्याकडे पाहिलं. तुणतुणंवाल्याने संबळवाल्याकडे. संबळवाला म्हणाला, “सुरू करताना लागंल ती.”

अण्णांनी डायरी काढून तारीख टिपली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “गाडी लागेल तुझी. तानपुरा मात्र घरी ठेव. उगाच त्या माणसाला सूर लागायचा.”